घोडा कुणाचा?

पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते या स्मारकाची कोनशिला बसवली गेली, सासवण्याच्या नानासाहेब करमरकरांनी पुतळा घडवला आणि १९२८ मध्ये तो उभा राहिला. मुलांना लष्करी शिक्षणाची वाट दाखवणारी शाळा तिथे निघाली ती त्यानंतर, १९३२ साली. पुतळा आधी आणि शाळा मागाहून, असा हा क्रम आहे. घोड्यावरचा वीर डोळ्यांसमोर उभा करायला आपला समाज नेहमीच तत्पर राहिला. तसे होण्यासाठी पोरांच्या हाती काय द्यायचे, हा विचार मात्र मागाहून आला, आणि पुष्कळ ठिकाणी तो आलाच नाही. आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या चौकात अश्वारूढ पुतळा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात फेटा बांधून घोड्यावर बसलेले पोर आहे, भरती अकादमीच्या फलकावर उधळलेला घोडा आहे. या चित्रांखालून रोज जाणाऱ्या मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी वर्दीची ओढ लागली, तर ती त्याची एकट्याची लहर म्हणता येणार नाही. ते स्वप्न आपण सगळ्यांनी मिळून त्याला दिलेले असते. ज्यांचे हे स्वप्न पुरे होत नाही त्यांच्याविषयी हा लेख आहे, आणि त्यातला मुद्दा एकच आहे: स्वप्न सार्वजनिक असेल, तर त्याच्या अपयशाचा खर्च एकट्या मुलाच्या आणि त्याच्या घराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

हा मुद्दा मांडायला बाहेरचे तत्त्वज्ञान लागत नाही, मराठी घोडदळाची रचना पुरेशी आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली. तीत शिवकालीन घोडदळाचे दोन भाग स्पष्ट सांगितले आहेत. एक पागा, दुसरे शिलेदार. पागेतल्या स्वाराला बारगीर म्हणत. त्याचा घोडा सरकारचा, हत्यार सरकारचे, चंदी-वैरण सरकारची. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, अशी ही उतरंड. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे पाणी पुरवणारा पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. नाल कोण मारणार आणि पाणी कोण आणणार, याची तजवीज करूनच राज्याने स्वाराला घोड्यावर बसवले होते. ज्याच्या घरी घोडा नाही, पण मांड पक्की आणि छाती निधडी आहे, अशा कुणब्याच्या पोराला स्वार होण्याचा दरवाजा याच व्यवस्थेने उघडला.

शिवाजी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले. शेतकऱ्याला तोशीस लावू नका, हा त्याचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याचा मोठा भाग घोड्यांच्या पोटाचा आहे. दाणा-वैरण आताच मनाला येईल तशी उधळलीत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंज्यांजवळ आगटी, दिवे, चिलीम यांची काळजी घ्या, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि पागा जळेल, इथवर ती नजर गेली आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो, कारण घोडा राज्याचा आहे आणि तो मेला तर नुकसान राज्याचे होणार आहे. स्वाराच्या घोड्याची जबाबदारी घेणे म्हणजे काय, हे या पत्राइतके नेमके मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

यावर इतिहास वाचणारा मनुष्य लगेच अडवील, आणि त्याने अडवावे. सभासदानेच शेवटी जे आकडे दिले आहेत त्यांत पागेचे स्वार पंचेचाळीस हजार आणि शिलेदार साठ हजार आहेत. म्हणजे शिलेदारच जास्त होते, मग पागेचे एवढे कौतुक कशाला? बखरीतले आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत हे खरे, पण ते तसेच धरले तरी बखरच सांगते की शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते. लष्कराचा कणा पागा होती आणि बाकीची फौज तिच्या आधाराने उभी होती. शिलेदारीची दुसरी बाजू युद्धात दिसे. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याला घोडा पडला की घर बुडाल्याची भीती. मराठी फौजांविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदले आहे की ऐन गर्दीत शिलेदार घोडा जपण्याकडे बघे. त्यात भ्याडपणा नव्हता. सगळी पुंजी ज्या जनावरावर लावली आहे ते हातचे जाऊ नये, एवढाच त्यात हिशेब होता. मनुष्याला स्वतःच्या गाठीचे सगळे डावावर लावायला सांगितले की तो मोकळेपणाने लढू शकत नाही. ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इंग्रजांनी हिंदुस्थानी घोडदळ उभारताना शिलेदारी पद्धत नावासकट उचलली. भरती होणाऱ्या सवाराने घोड्यासाठी आणि सामानासाठी रक्कम भरायची, किंवा घोडा घेऊन यायचे. या रकमेला असामी म्हणत. साहजिकच घोडदळात जायला घरी थोडीफार जमीन, निदान पत तरी लागे. सरकारला ही व्यवस्था स्वस्त पडत होती आणि शांततेच्या काळात ती बरी चालली. पहिल्या महायुद्धात ती कोसळली. घोडे आणि माणसे ज्या वेगाने खर्ची पडत होती, त्या वेगाने त्यांची भरपाई सवारांच्या गाठीच्या पैशांतून होणे शक्यच नव्हते. युद्धानंतर १९२१च्या फेररचनेत घोडदळाच्या एकोणचाळीस पलटणींच्या एकवीस झाल्या आणि शिलेदारी मोडीत निघाली. ज्या सरकारने स्वस्त म्हणून ती पत्करली होती, त्याच सरकारला कळून चुकले की लांबलेल्या लढाईचा भार सवाराच्या खिशावर टाकता येत नाही.

त्यानंतर घोडाच गेला. १९३८ साली सिंध हॉर्स ही पलटण घोडे सोडून चिलखती गाड्यांवर गेली आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. नावे मात्र टिकली. १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहातून जन्मलेली पूना हॉर्स आज रणगाड्यांची पलटण आहे, पण तिच्या नावातला घोडा कुणी काढला नाही. या पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ साली सियालकोट आघाडीवर पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ते मुंबईत जन्मले आणि पुण्यात शिकले. त्यांच्या उमेदीतली एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. हैदराबाद संस्थानाच्या फौजेत त्यांना कमिशन मिळाले ते पायदळात, आणि त्यांचे मन चिलखती दलाकडे ओढत होते. एकदा हातगोळे फेकण्याच्या सरावात एका रंगरुटाच्या हातून गोळा खंदकातच पडला. तारापोरांनी उडी मारून तो बाहेर फेकला आणि छर्ऱ्यांनी जखमी झाले. शाबासकी द्यायला फौजेचे प्रमुख जनरल एल एद्रूस यांनी बोलावले, तेव्हा त्यांनी चिलखती गाड्यांच्या लान्सर्स पलटणीत बदली मागून घेतली. एका चुकलेल्या गोळ्यामुळे एका मोठ्या सैनिकाला त्याचे ठिकाण सापडले. तो गोळा बरोबर पडला असता तर तारापोर कदाचित पायदळातच राहिले असते, आणि दोष त्यांचा नसता. लष्करी स्वप्नाच्या पूर्ततेत गुणाइतकाच योगायोगाचा वाटा असतो, हे एवढ्यासाठी सांगायचे की अपूर्ततेतही तो तितकाच असतो.

काही वेळा योगायोगही नसतो, नियम असतो. महाराष्ट्राच्या इतिहासात अपुऱ्या लष्करी स्वप्नाचे सगळ्यांत मोठे उदाहरण एका व्यक्तीचे नाही, एका समाजाचे आहे. कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जातींचा सिद्धांत डोक्यात घेऊन सरकारने महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पलटणीत हयात घालवली, त्या घरांतल्या तरुण पोरांसाठी एका हुकमाने दरवाजा लागला. गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी सरकारला विनंतीपत्र लिहिले. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली, आणि अखेर १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. या अर्ध्या शतकातली एक गोष्ट मला आजच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाची वाटते. या मंडळींनी आपल्या अपुऱ्या स्वप्नाचा दोष स्वतःकडे घेतला नाही. त्यांनी तो कागदावर मांडून ज्याने दार लावले त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

आजचा मुलगा नेमके उलटे करतो. सैन्यभरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावणारा पहिल्या गटात येतो. त्याला काही सेकंद जास्त लागले की गुण घटतात. नऊ फुटांचा खड्डा, बीमवर दहा वेळा अंग उचलणे, छाती फुगवून मोजणे, मग वैद्यकीय तपासणी. तपासणीत तळपाय सपाट निघाला, गुडघे चिकटले, रंग ओळखता आले नाहीत की तीन वर्षे पहाटे चारला उठून धावलेला पोरगा घरी परततो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, वाट आणखी अरुंद आहे. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढाच वयाचा काळ. लेखी परीक्षा नऊशे गुणांची, मुलाखत नऊशे गुणांची, आणि वर्षातून दोनदा निघणाऱ्या जाहिरातीत जागा चारशेच्या घरात. अर्ज येतात लाखांनी. या गणितात बहुसंख्यांचे अपयश आधीच लिहिलेले आहे. तरी प्रत्येक जण परत येताना आपणच कमी पडलो असे समजून येतो.

आणि यासाठी लागणारा घोडा आता जवळजवळ सगळा त्याचा स्वतःचा असतो. अकादमीची फी, वसतिगृह, खुराक, बूट, लेखी परीक्षेची शिकवणी, सैनिकी शाळेचे शुल्क. ज्या शाळांच्या माहितीपत्रकात घोडेस्वारी ठळक छापलेली असते, तिथे तिचा खर्चही पालकांच्या पावतीत असतो. कुठे आईचे दागिने गहाण पडतात, कुठे ऊस गेल्यावर आलेली रक्कम संपते. नव्या काळाची असामी हीच आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस माणसे देऊन ‘मिलिटरी अपशिंगे’ झाले. अशा गावांत तर सैन्यात जाणे ही घराची रीत असते, आणि रीत मोडल्याचे दुःख फीच्या रकमेत मोजता येत नाही. शिलेदाराविषयी जे म्हटले तेच इथे लागू पडते. ज्याच्या धावण्यावर घरची पुंजी लागली आहे तो मोकळ्या छातीने धावू शकत नाही. मैदानावर अगदी शेवटच्या फेरीत पाय भरून येणाऱ्या कित्येकांच्या पायात फीची पावती अडकलेली असते, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

अपयशातला राज्याचा वाटा पाहायचा असेल तर २०२० ते २०२२ ही वर्षे पाहावीत. करोनाच्या साथीत सैन्यभरती थांबली. काही मुलांची मैदानी आणि वैद्यकीय चाचणी झालेली होती, फक्त लेखी परीक्षा राहिली होती. ती आज होईल, उद्या होईल म्हणून ही मुले धावत राहिली. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जुनी अर्धवट प्रक्रिया रद्द झाली. नवी नोकरी चार वर्षांची, त्यातून पुढे कायम होणारे जास्तीत जास्त चारांत एक. वयाची मर्यादा त्या एका वर्षापुरती तेवीसवर नेली गेली. ज्यांची निवड जवळपास झाली होती ते न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. नेमणूकपत्र हाती नसताना नोकरीवर हक्क सांगता येत नाही, हे कायद्याने बरोबर असेल, त्याविषयी मला वाद घालायचा नाही. पण त्या मुलांचे स्वप्न त्यांच्या पायांमुळे किंवा डोक्यामुळे अपुरे राहिले नाही, एवढे तरी मोठ्याने म्हटले जायला हवे होते. ते कुणी म्हटले नाही. गावात तो ‘भरती न झालेला’ म्हणूनच ओळखला गेला.

अधिकाऱ्यांच्या निवडीची पद्धत अधिक सभ्य आहे, पण तिच्यातही एक मुकेपणा आहे. निवड मंडळ पाच दिवस उमेदवाराला पारखते. पहिल्या दिवशी छाननी, मग मानसशास्त्रीय चाचण्या. चित्र काही क्षण दाखवून गोष्ट लिहायला लावतात, शब्द दाखवून वाक्य लिहायला लावतात. त्यानंतर मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे, मुलाखत द्यायची, आणि अखेरच्या दिवशी मंडळाच्या एकत्र बैठकीला सामोरे जायचे. शेवटी निवडलेल्यांचे छातीक्रमांक पुकारले जातात. उरलेले बॅगा उचलतात. त्यांच्या बोलीत याला ‘कॉन्फरन्स आऊट’ म्हणतात. का आऊट, हे सांगितले जात नाही. एखाद्या प्रकारच्या कमिशनच्या मुलाखतीला पहिल्यांदा येणाऱ्याला रेल्वेचे भाडे मिळते, पुन्हा आला तर त्याच्या खर्चाने. राज्य त्याला एकदा बारगीर मानते आणि पुढच्या खेपेला शिलेदार करून सोडते. कारणे सांगितली तर उमेदवार पाठ करून येतील, हा मंडळांच्या बाजूचा आक्षेप रास्त आहे. तरीही पाच दिवस तज्ज्ञांनी एका अठरा वर्षांच्या मुलाचे मन वाचायचे आणि त्याला त्यातले एक वाक्यही द्यायचे नाही, हे मला पटत नाही. तू कुठल्या कामाला योग्य दिसलास, एवढे सांगितल्याने कुठलीही चाचणी फुटत नाही.

‘स्पर्धा म्हटली की हरणारे असणारच, सगळ्यांना वर्दी कशी मिळेल?’ हा आक्षेप सगळ्यांत आधी येतो. तो मान्य आहे. वर्दी सगळ्यांना मिळावी असे इथे कुठेच म्हटलेले नाही. निवड कठोर असावी, कारण चुकीच्या निवडीची किंमत सीमेवर दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते. पण निवडीचा कठोरपणा आणि तयारीचा खर्च कुणी सोसायचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे ते वेगळे ठेवल्याचे उत्तम उदाहरण आहे. १९७७ साली राज्य शासनाने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट काढली. सैन्यदलांच्या अधिकारीवर्गात मराठी मुले कमी दिसतात, ही त्यामागची चिंता. दहावीनंतर परीक्षा घेऊन मुले निवडायची आणि दोन वर्षे सरकारी खर्चाने एनडीएसाठी तयार करायची. ही अस्सल पागा आहे. तिथून निघालेले अधिकारी तिन्ही दलांत आहेत. ज्याला एनडीए मिळाली नाही त्याच्याही घरावर कर्ज चढलेले नसते, आणि दोन वर्षांत कमावलेली भाषा, शिस्त आणि अभ्यास त्याच्याजवळ राहतो. ज्याच्या घरचे काही गेलेले नसते, त्याला हरूनही उभे राहता येते.

दुसरा आक्षेप घोड्याविषयी. रणांगणावरून घोडा गेला, आता त्याचे हे स्तोम कशाला? घोडेस्वारीवर सार्वजनिक पैसा घालणे म्हणजे जुन्या वैभवाचे लाड नव्हेत काय? खडकवासल्याला एनडीएत आजही कॅडेटना घोड्यावर बसवतात. त्यांतला एकही जण घोड्यावरून लढाईला जाणार नाही हे शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. घोड्यावर नव्याने बसणारा पहिली चूक एकच करतो, तो लगामाला लोंबकळतो. तोल हातात आहे असे त्याला वाटते. लगाम ओढला की घोड्याच्या जबड्याला कडी बोचते, तो मान उडवतो, आणि बसणारा आणखी घाबरून आणखी ओढतो. मग शिकवणारा त्याला रिकिबीतून पाय काढायला लावतो आणि तसाच दुडक्या चालीवर रिंगणात फिरवतो. मांड्या सोलवटतात, कंबर धरते, आणि काही दिवसांनी शरीराला कळते की तोल मांडीत आणि पाठीच्या खालच्या भागात आहे, हात सैल असले तरी चालतात. आपल्याहून कितीतरी पट जड आणि स्वतःचे मन असलेल्या जनावराला भीती न दाखवता चालवायला शिकणे, हे पुढे माणसे हाताळणाऱ्याला उपयोगी पडते. खोगिराचा तंग कसायच्या आधी खरारा करावा लागतो, खूर तपासावे लागतात, आणि उतरल्यावर स्वतः पाणी पिण्याआधी घोड्याकडे पाहावे लागते. हे शिक्षण वर्दी मिळो न मिळो, वाया जात नाही. धावण्याच्या सरावाचे तसे नाही. भरती हुकली की तो संपतो.

घोडा कुणाचा या प्रश्नाने किती फरक पडतो, हे खेळातही दिसते. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे रघुबीर सिंग लष्करातले होते, आणि सांघिक सुवर्णही भारतालाच मिळाले. राजस्थानातल्या खेड्यातून आलेला जवान आशियात पहिला आला, कारण घोडा, पागा आणि शिक्षक लष्कराने दिले होते. त्यानंतर या खेळातले वैयक्तिक पदक यायला २०१८ साल उजाडले. जकार्त्याला फवाद मिर्झाने रौप्य मिळवले, त्याचे शिक्षण जर्मनीत झाले होते. २०२३ मध्ये हांगझोऊला ड्रेसाजच्या संघाने एक्केचाळीस वर्षांनी घोडेस्वारीतले सुवर्ण आणले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता आणि चौघांचीही तयारी युरोपात झाली होती. या खेळाडूंच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे सोसले ते लहान नाही. तरी परदेशात घोडा पोसू शकणारी घरे देशात किती असतील? लष्करातले स्वार आजही खेळतात, २०१८च्या सांघिक रौप्यपदकातही ते होते. पण रघुबीर सिंगांच्या वाटेने जाणाऱ्या खेड्यातल्या मुलाला आज वैयक्तिक सुवर्णापर्यंतचा रस्ता दिसत नाही, आणि हा फरक गुणांचा नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. बारगिराची स्थिती तरी कुठे मोठी होती? शिलेदाराला मान होता, स्वतःचे निशाण होते. बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा पगारी माणूस. राज्यावर अवलंबून राहणारा तरुण घडवणे हे ध्येय म्हणून कितपत चांगले? यात तथ्य आहे. पागेतला स्वार मोकळा नव्हता, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांतही मुलांवर एक अदृश्य ओझे असते, आपल्यावर खर्च झाला आहे याचे. पण आजच्या मुलापुढे शिलेदाराचा मान आणि बारगिराची सुरक्षितता यांतून एक निवडण्याची सोय नाही. त्याच्याकडून खर्च शिलेदाराचा घेतला जातो आणि मान दोघांचाही मिळत नाही. तोटा दोन्हीकडून त्याचाच आहे.

मुलींची गोष्ट वेगळी नोंदवली पाहिजे. त्यांना हे स्वप्न पाहायला समाजाची हरकत नव्हती, ते पुरे होऊ द्यायला होती. एनडीएचे दार त्यांच्यासाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली संचलन करून बाहेर पडल्या. राज्याने नाशिकला मुलींसाठी २०२३ मध्ये औरंगाबादच्या धर्तीवर संस्था सुरू केली, हे फार चांगले झाले. त्यापूर्वीच्या साठ-पासष्ट वर्षांत ज्या मुली शाळेच्या घोड्यावर सर्वांत पुढे असत आणि बारावीनंतर त्यांच्यासाठी पुढे रस्ताच नसे, त्यांची संख्या कुणी मोजलेली नाही. त्यांच्यापैकी कुणालाही ‘तू कमी पडलीस’ म्हणायची सोय नव्हती, कारण परीक्षाच नव्हती.

मग करायचे काय? घोड्याच्या बाबतीत तरी हाताशी असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या रिमाउंट तुकड्या कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात, तीही फीविना. अशा तुकड्या राज्यात मोजक्या आहेत. त्या प्रत्येक महसुली विभागात निघाव्यात. मुंबई पोलिसांचे घोडदळ १९३२ साली बंद पडले होते, ते २०२०मध्ये पुन्हा सुरू करण्यात आले. अशा दलात भरतीसाठी रिमाउंट तुकडीतल्या मुलांना प्राधान्य का असू नये? भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. ज्या घोड्याने मराठी फौजा वाहिल्या तो आज बहुतांशी धनगर कुटुंबांच्या स्थलांतरात बिऱ्हाड वाहतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरचे घोडे येतात, लाखांचे सौदे होतात. पण नाल मारणारा, खूर राखणारा, घोड्याच्या पोटदुखीची पहिली लक्षणे ओळखणारा शिकलेला तरुण शोधावा लागतो. घोड्याभोवतीची ही सगळी कामे कौशल्याची आहेत. माथेरानमध्ये खासगी मोटारी चालत नाहीत, तिथे घोडा अजूनही एक वाहन आहे आणि घोडेवाल्यांची कुटुंबे त्यावर जगतात. ज्याला घोडा कळतो, पण वर्दी मिळाली नाही, अशा मुलासाठी प्रमाणपत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पशुवैद्यकीय विद्यापीठाला काढता येईल. त्यात नालबंदाला शिक्षक म्हणून बसवावे लागेल, आणि त्याला दहावीचा दाखला मागू नये.

भरतीच्या बाबतीत मागणी याहून साधी आहे. सैनिकी शाळा, शासकीय संस्था आणि अनुदान घेणाऱ्या अकादम्या दरवर्षी किती मुले सैन्यात गेली याचा आकडा अभिमानाने जाहीर करतात. तेवढ्याच ठळकपणे किती गेली नाहीत आणि ती पुढे कुठे पोचली, हेही त्यांनी प्रवेशानंतर पाच वर्षांनी जाहीर करावे. सरकारी जमीन किंवा पैसा ज्या संस्थेला मिळतो तिला ही अट घालायला नवा कायदा लागणार नाही, मंजुरीच्या आदेशात एक कलम पुरेल. प्रवेश घ्यायला आलेल्या शेतकरी बापाला मग फी भरण्याआधी दोन्ही रकाने शेजारी शेजारी वाचता येतील.